तानबाजी, तुमचा राखलेला डोह

तानबाजी,

नऊ मासे आणि तीन हौद. तुम्ही गेलात तरी हे गणित माझ्या टेबलावर तसंच पडलं आहे. नदीतले जे मासे कमी होत चालले आहेत त्यांतले कुठले आधी केंद्रावर आणायचे, कुणाची पिल्लं आधी काढायची, ते क्रमाने लिहा आणि क्रमाचं कारण द्या, असं वरच्या ऑफिसचं पत्र आहे. कारणं देण्यात मी हुशार आहे, असं तुम्ही कितीदा तरी म्हणाला होता, आणि ते कौतुक नव्हतं. आज सकाळपासून तीन कागद फाडले. मध्येच उठते, हौदांकडे जाते, पाण्यात हात घालून पाहते, परत येऊन बसते. बसले की पुन्हा उठावंसं वाटतं. ऑफिसातले कारकून माझ्याकडे बघतात आणि मग एकमेकांकडे बघतात.

तुमची तेरवी होऊन पाच दिवस झाले. मला अजून तुमचा राग येतो. गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं हे मला कळतं, पण तुम्ही तरी माझं ऐकून न घेता जायला नको होतं. एक वर्ष आपण कामापुरतं बोललो. "चुना टाकू का?" "टाका." "पानी बदललं." "बरं." वर्षभराचं आपलं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

रामटेकच्या रस्त्यावरच्या या मत्स्यबीज केंद्रात तुम्ही मच्छीमार होता आणि मी तुमची साहेब. कागदावर असंच होतं. मी पहिल्या दिवशी आले ती नागपुरातल्या इंदोऱ्याहून सकाळची एस.टी. पकडून, इस्त्रीची साडी आणि पायात टाचेच्या चपला. तळ्याच्या बांधावर माझा पाय घसरला तेव्हा तुम्ही हसला नाहीत, हे माझ्या लक्षात आहे. नुसतं म्हणालात, "चपला काढा बाई, चिखलाले साहेब समजत नाही." त्याच दुपारी मी तुम्हाला एका माशाचं शास्त्रीय नाव सांगितलं, दोन शब्दांचं, लॅटिन, कॉलेजात पाठ केलेलं. तुम्ही ते नीट ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "नाव तं बढिया आहे. पन हाक मारली तं येते का थे?"

मग तुम्ही मला डोळे मिटायला लावले आणि माझा हात बादलीत घातला. एकेक मासा हाताला लावून विचारत गेलात, हा कोन, हा कोन. सातांतले पाच माझे चुकले. एम.एस्सी. झालेली बाई बादलीत हात घालून डोळे मिटून बसली आहे आणि तिची परीक्षा एक चौथी पास ढिवर घेतो आहे, हे दृश्य कुणी पाहिलं असतं तर माझी नोकरीतली इज्जत तिथेच संपली असती. पण महिन्याभरात मी सातही ओळखायला लागले. नंतर आठवा आणि नववाही ओळखला. आज जी यादी घेऊन मी बसले आहे तिच्यातला एकेक मासा मी आधी बोटांनी ओळखलेला आहे, ते तुमच्यामुळे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मी तुम्हाला सुई शिकवली. रोहूच्या डोक्यातून ती दाण्याएवढी गाठ काढायची, वाटायची, तिचा रस मादीला टोचायचा, की रातोरात ती अंडी सोडते. तुम्हाला ते पहिल्यांदा जादूटोण्यासारखं वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी तुमचा हात माझ्यापेक्षा साफ चालत होता. मी घड्याळ बघून टोचायची, तुम्ही आभाळ बघून. पाऊस धरून आला, हवा गार फिरली की तुम्ही म्हणायचात, "आता मारा." तुमच्या 'आता'ने अंडी जास्त निघायची, हे माझ्या वहीत लिहिलेलं आहे, पण त्यापुढे कारणाची जागा मी कोरी सोडली आहे. तुम्ही म्हणता म्हणून, असं सरकारी वहीत लिहिता येत नव्हतं.

आणि मग ती डोंग्यातली गोष्ट. तुम्ही विसरला असाल, मी विसरले नाही. त्या आठवड्यात ऑफिसात कुणीतरी माझ्या मागे बोललं होतं की ही जागा राखीव होती म्हणून हिला मिळाली. मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने. मी दीक्षा घेतलेल्या घरची पोर, वडील गिरणीत, घरात पहिली पदवी माझी. मला हे नवीन नव्हतं, पण दर वेळी ते नव्याने लागतं. तुमच्याबरोबर नदीवर नमुने घ्यायला गेले तेव्हा माझं तोंड फुगलेलंच होतं. तुम्ही वल्हं मारता मारता तुमच्या गावाखालच्या त्या मोठ्या डोहाकडे बोट केलंत. म्हणालात, "आमच्या आजाच्या काळी हा राखीव होता."

मी एकदम फणकारले. "आता इथेपण राखीव का?"

तुम्ही वल्हं थांबवलंत. तुम्हाला काहीतरी उमगलं असावं, कारण तुम्ही माझ्याकडे न बघता बोललात. "राखीव म्हंजे काय वाईट आहे वं बाई? जे मोडू द्याचं नाही, थेच राखतात. फालतू चीज कोनी राखत नाही."

तुम्ही 'वं' फक्त चिडवताना लावायचात, किंवा माया दाखवायची असली की. त्या दिवशी कुठलं होतं मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी घरी जाऊन आईला ते वाक्य सांगितलं आणि ती माझ्याहून जास्त खूश झाली. पुढे कुणी काही बोललं की मी ते मनात म्हणायची. त्या डोहाबद्दल तुम्ही आणखी काय सांगितलंत ते मात्र मला आठवत नाही. कुणीच तिथे जाळं टाकायचं नाही, असं काहीतरी. मी फक्त माझ्यापुरतं ऐकलं. पुढचं सगळं त्यातूनच झालं, तानबाजी, म्हणून सांगते.

यादीची कल्पना माझी. वर धरणाचं काम सुरू झालं, खाली वाळूचे ट्रक यायला लागले, आणि बाजारात ढिवरणींच्या टोपल्यांत दर वर्षी एकेक मासा दिसेनासा होत गेला. मी वांब, शिंगाडा अशी नऊ माशांची नावं काढली आणि प्रत्येकाला दहापैकी मार्क दिले. किती कमी उरला, त्याचे मार्क. हौदात पिल्लं देईल का, त्याचे मार्क. परत सोडायला नदीत जागा आहे का, त्याचे मार्क. तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"मासोळीले मार्क देऊन राहिल्या का वं बाई? नापास झाली तं काय करान?"

"नापास झाली तर हौद मिळणार नाही."

"मंग कोनाले मिळन?"

"जिचे सगळ्यात जास्त." आणि मी बोट ठेवलं ते महासीरवर, तुमच्या गावात जिला नुसतं 'पिवळी' म्हणतात. पिवळे पर, पैशाएवढे खवले, हातात धरली की दंडाला झटका देणारी. नदीत ती सगळ्यांत कमी राहिली होती, आणि खरं सांगायचं तर ती सगळ्यांत देखणीही होती. देखणेपणाला मी मार्क ठेवले नव्हते, तरी ते कुठूनतरी शिरले असणार.

तुम्ही मान हलवलीत. "हौदात पिवळी जगन. मोठी बी होईन. पन आई नाही होनार."

"काहून नाही होणार?" मी चिडले की माझ्या तोंडातून घरचीच बोली येते.

"तिले वाहतं पानी लागते, खाली गोटे लागतात. हौद तिचं सासर हाय. बाळंतपनाले बाई माहेरी जाते का सासरी राह्यते?"

"आणि नदीत तिला वाचवणार कोण? जी मरायला टेकली आहे तिला आधी आणायला नको?"

"जे हौदात पोरं देते तिले हौद द्या ना. वांब द्या, शिंगाडा द्या. आमच्या बाया थेच इकतात. पिवळीले काहून कोंडता?"

हा वाद आपण सबंध उन्हाळा घातला. तळ्याचा गाळ काढताना, जेवणाच्या डब्यांवर, एस.टी.ची वाट बघताना. मी म्हणायची, सगळ्यांत कमी आहे ती आधी. तुम्ही म्हणायचात, जिला आपल्या हाताने खरंच मदत होईल ती आधी. दोघांचंही बरोबर होतं म्हणूनच तो संपत नव्हता. तुम्ही पिवळी पिकायचा महिनाही सांगितला होतात, पाणी निवळायला लागलं की, भाद्रपदात, पितृपाटाच्या आधी. मी म्हटलं, पुस्तकात आषाढ-श्रावण आहे. तुम्ही म्हणालात, पुस्तक कोनत्या नदीचं आहे? मी विषय बदलला.

शेवटी मी साहेब होते. पावसाळ्याच्या तोंडाशी तुम्हाला बोलावून सांगितलं, "तानबाजी, या वर्षी बाकी काही नाही जमलं तरी चालेल. पिवळी राखायची आहे. तुमच्या गावच्या लोकांनाही सांगा."  मग तुमचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, पटलं एकदाचं. तुम्ही म्हणालात, "राखतो बाई. जबान हाय माही." मी हौद धुवून घेतला, नदीचे गोटे आणून तळाशी घातले, वरून पाणी पडावं म्हणून पाइप जोडून घेतला. आषाढ गेला, श्रावण गेला. तुम्ही वांब आणलीत, शिंगाडे आणलेत. पिवळी एकही नाही. मी विचारलं की तुम्ही हसून म्हणायचात, "हाय ना, बरोबर हाय." मला वाटायचं, तुम्ही धीर देता आहात. मी अहवालात लिहून टाकलं की हा मासा या भागातून बहुधा गेला.

दसऱ्याच्या सुमाराला मी नदीवर गेले तर डोहाच्या नितळ पाण्यात पिवळे पर फिरताना दिसले. एक नाही, दोन नाही. आणि काठावर तुमच्या गावची चार माणसं जाळी वाळत घालून निवांत बसलेली. मी विचारलं, इथे जाळं का टाकत नाही? ते म्हणाले, तानबाजीनं राखला आहे, तुम्हीच तं सांगितलं म्हने.

तुमच्या बोलीत राखणं म्हणजे हात न लावणं. माझ्या ऑफिसातल्या मराठीत राखणं म्हणजे आणून ठेवणं. एवढंच झालं होतं. मला त्या क्षणी हसू यायला हवं होतं. डोंग्यातलं तुमचं बोलणं आठवायला हवं होतं. त्याऐवजी मी केंद्रावर परत आले आणि सगळ्या माणसांसमोर तुम्हाला म्हणाले, "एक सबंध हंगाम घालवलात. तुम्हाला साधं मराठी कळत नाही का?"

मी हे म्हणाले. जिच्या 'मले-तुले'वर कॉलेजात वर्ग हसायचा, जिने वर्षभर आरशासमोर 'मला-तुला' घोकलं, ती मी. तुम्ही खाली बघत होता. हाताला चिखल होता, तो तुम्ही धोतराला पुसलात आणि हळूच म्हणालात, "बाई, मराठीच तं कळलं."

त्यानंतरचं एक वर्ष मी वर सांगितलंच आहे. तुम्ही डोह राखत राहिलात, याही वर्षी, हुकूम परत न विचारता. मी तुम्हाला थांबवलंही नाही आणि शाबासही म्हटलं नाही. माफी मागायची मी रोज ठरवायची. एस.टी.त बसून वाक्य जुळवायची, आणि उतरले की तुम्ही समोर चुन्याचं पोतं घेऊन उभे असायचात आणि मी म्हणायची, "टाका."

श्रावणात तुमचे डोळे पिवळे दिसायला लागले. मला दिसले होते. मी रजेच्या अर्जावर सही केली आणि "तब्येत सांभाळा" म्हटलं, जसं कुणालाही म्हणतात. मग तुम्हाला नागपूरला दवाखान्यात आणलं. माझी एस.टी. त्याच दवाखान्यावरून जाते, तानबाजी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मी कारकुनाबरोबर मोसंब्या पाठवल्या. स्वतः उतरले नाही. उतरून म्हणणार काय, हे जुळेना, आणि नुसतं जाऊन खाटेपाशी बसता येतं हे मला सुचलंच नाही. एक दिवस कारकून आला आणि म्हणाला, तानबाजी गेला. मी त्याला विचारलं, मोसंब्या खाल्ल्या होत्या का? त्याला माहीत नव्हतं.

तेरवीला आले नाही. लोक काय म्हणतील याची भीती नव्हती, तुमच्या कारभारीण पार्वताबाई काय म्हणतील याची होती. पण त्याच म्हणाल्या असं कळलं, बाई कशा नाही आल्या, उद्या तरी या म्हनाव. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी मासोळीचं जेवण करून दुखवटा सोडतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. अंगणात पंगत बसली होती. तुमचा भाऊ गोमाजी वाढत होता. माझ्यासाठी त्याने वेगळा पाट आणला, साहेब म्हणून नव्हे, तुम्ही जिला बाई म्हणायचात ती म्हणून. ताटात रस्सा, मोठा तुकडा, आणि त्याच्याशेजारी अंड्यांचा गोळा. ज्वारीच्या दाण्याएवढी अंडी, पिवळीधमक.

मी बोटांनी ओळखलं, पिवळीच. ताटात हात घातला आणि डोळे मिटायचीही गरज पडली नाही.

"गोमाजी, ही कुठली?"

"दादाच्या डोहातली." त्याने माझ्या ताटात आणखी रस्सा वाढला. "दोन सालं कोनी जाळं नाही टाकलं बाई, दादाची जबान होती. म्हनलं, दादाच्या जेवनाले दादाचीच मासोळी पाहिजे. सात निघाल्या. साऱ्या पोटुशा."

साऱ्या पोटुशा. पाणी निवळायला लागलेलं, पितृपाट तोंडावर. तुमचा महिना. दोन वर्षं मी एक पिकलेली मादी बघायला तडफडत होते, माझ्या हौदात गोटे घालून, पाइप जोडून. आणि ती मला तुमच्या दुखवट्याच्या ताटात वाढून मिळाली. तुमच्यावरच्या प्रेमाने त्यांनी डोह राखला आणि तुमच्यावरच्या प्रेमानेच रिकामा केला, त्यात कुणाला काय बोलणार? मला ओरडावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं. गोमाजी उभा होता, मी पहिला घास घ्यायची वाट बघत. मी घेतला. मी ती सगळी खाल्ली, तानबाजी, अंडीसुद्धा. चव उत्तम होती. 

"अजून आहेत का डोहात?" मी विचारलं.

"खालच्या कपारीत जाळं जात नाही. असतीन."

पार्वताबाई माझ्याजवळ येऊन बसल्या तेव्हा त्यांच्या ताटात नुसता वरण-भात होता. मी म्हटलं, तुम्ही मासोळी नाही घेतली?

"ह्यायनं दोन सालं नाही खाल्ली," त्या म्हणाल्या. "जे राखते त्यानं खाची नसते."

हे मला ठाऊक नव्हतं. जेवणाच्या डब्यात तुम्ही वर्षभर भाजी-भाकरी आणत होता, आणि मला वाटायचं, रुसला आहात.

"मग आता कोण राखून राहिलं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हा काय प्रश्न झाला. "मी," त्या म्हणाल्या, आणि भात कालवायला लागल्या.

तेव्हापासून मी स्वस्थ बसलेली नाही. वाद संपला असं समजू नका. तुमचा डोह तुमच्या शब्दावर टिकला होता आणि एका दुपारी, एका जाळ्यात निम्मा गेला. उद्या वर धरण पुरं झालं आणि खालचं पाणी आटलं तर कपारीही उघड्या पडतील, तेव्हा पार्वताबाई कशाकशाला पुरणार? तेव्हा माझा हौदच लागेल. पण हौदात ती आई होत नाही, हेही तुमचं खरं. मी या दोन वाक्यांच्या मधे तीन दिवस फेऱ्या घातल्या. वांब आणि शिंगाडा पहिल्या दोन हौदांत, हे मी लिहून टाकलं. तुमचं ऐकलं. तिसरा हौद अडला होता.

तो त्या ताटामुळे सुटला, हे सांगायला लाज वाटते. ताटात अंड्यांचा गोळा वेगळा पडला होता; मग अंडीच आणायची, मादी कशाला? ती पिकलेली असेल तेव्हा काठावरच धरायची, पोटावरून हलका हात फिरवायचा, अंडी ताटलीत, नराचं पांढरं पाणी त्यावर, आणि दोघांनाही लगेच परत पाण्यात सोडायचं. अंडी ओल्या कापसात घालून केंद्रावर. बाळंतपण माहेरी, पोरं माझ्याकडे. तुम्ही असता तर म्हणाला असता, एवढं समजायले सात मासोळ्या खाव्या लागल्या का वं बाई? आणि मी कापूस भिजवायला घेतला असता.

काल परत तुमच्या गावी गेले. पार्वताबाई नदीवर होत्या, भांडी घासत. मी काठावर बसले आणि सगळं सांगितलं. सांगताना मी नेहमीसारखी सुरुवात केली, "पुढच्या वर्षी आपल्याला असं करायचं आहे," आणि मधेच थांबले. पुन्हा सुरुवात केली. म्हटलं, "पार्वताबाई, तुमच्या डोहातली अंडी घेऊ का मी? विचारायला आले."

त्यांनी राखेचा हात थांबवला. "मासोळी न्यान का?"

"नाही. नदीतच राहील."

"तिले लागन का?"

"नीट धरली तर नाही."

"आन धरन कोन?"

 अशी धरायला लागणारा हात आपल्याकडे एकच होता. त्यांनाही ते कळलं. त्यांनी हातातलं पातेलं पाण्यात विसळलं. मग म्हणाल्या, "मी पाहीन धरून. बाजारात काय उग्गाच हयात काढली? पन दर साली आधी मले इचारा लागन. एखांद्या साली मी नाही म्हनलं, तं नाही."

मी हो म्हटलं. त्यांनी भांडी उचलली आणि मीही चार पातेली उचलली, आणि आम्ही चढ चढून वर आलो. मला मात्र वाटेत एकच गोष्ट सारखी बोचत राहिली, ती तुम्हाला सांगते आणि कागद मिटते. इतकी वर्षं आपण त्याच नदीवर होतो, तानबाजी. मी तुम्हाला हजार गोष्टी सांगितल्या. विचारलं एकदाही नाही.